शस्त्रक्रिया की कम्फर्ट केअर: हृदयाचा गंभीर दोष असलेल्या नवजात बाळाच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न ‘हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम’ (पुढे एचएलएचएस) या दोषाबद्दल आहेत, कारण शस्त्रक्रिया करावी की नाही हा पेच सर्वात जास्त तिथेच पडतो. कम्फर्ट केअर म्हणजे शस्त्रक्रिया न करता बाळाला त्रास होऊ नये एवढंच बघणारी काळजी (प्रश्न ६). तुमच्या बाळाचा दोष वेगळा असेल तर आधी प्रश्न ३ वाचा. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत; ते बाळाच्या वजनावर ठरतात.

१. डॉक्टर म्हणाले, ‘बाळाचं हृदय अर्धंच आहे.’ म्हणजे नक्की काय?

हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीराला शुद्ध रक्त पुरवतो. एचएलएचएसमध्ये हा कप्पा, त्याच्या दोन झडपा आणि तिथून निघणारी महारोहिणी (एओर्टा) वाढलेलीच नसतात. कप्पा कधी कधी जेमतेम चिरेएवढा असतो. त्यामुळे उजवा कप्पा फुप्फुसं आणि शरीर असं दोघांचं काम एकटाच ओढतो. हे जमतं ते दोन वाटांमुळे. एक ‘डक्टस’ नावाची नळी, जी गर्भात सगळ्यांनाच असते. दुसरी वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र. दोन्ही उघड्या असतील तोवर बाळ तगतं. दर १० हजार जन्मांमागे साधारण २ ते ३ बाळांत हा दोष आढळतो. गरोदरपणात आईने काय खाल्लं, कुठला ग्रहणाचा नियम मोडला, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हृदयाची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच होते, अनेकींना दिवस राहिल्याचं नीट कळण्याआधी.

२. जन्मल्यावर बाळ रडलं, दूध प्यायलं, वजनही चांगलं होतं. मग तिसऱ्या दिवशी एकदम असं कसं झालं?

डक्टस जन्मानंतर एक-दोन दिवसांत आपोआप आकसू लागते. निरोगी बाळात ते व्हायलाच हवं. या बाळात मात्र ती बंद झाली की शरीराचा रक्तपुरवठाच तुटतो. दूध ओढता ओढता बाळ थांबतं, श्वास भरभर चालतो, पाय गार पडतात, रंग राखाडी होतो, लघवी कमी होते. हे चित्र रक्तातल्या जंतुसंसर्गासारखंच दिसतं, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी कधी कधी आधी अँटिबायोटिक सुरू होतात आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) उशिरा होतो.

हे आधी पकडायला साधी चाचणी आहे: जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावणं. कुठेही ९० टक्क्यांखाली आकडा आला तर लगेच इको. ९० ते ९४ असेल, किंवा हात आणि पाय यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तासाभराने पुन्हा मोजायचं.

३. ‘गंभीर दोष’ आहे म्हटलं की शस्त्रक्रिया न करण्याचा पर्याय प्रत्येक वेळी असतो का?

नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सर्वात मोठा गोंधळ इथेच असतो.

काही दोष दिसायला भयानक, पण चांगल्या केंद्रात एका शस्त्रक्रियेने जवळपास पूर्ण दुरुस्त होतात. महारोहिणी आणि फुप्फुसाची धमनी यांची अदलाबदल झालेली असते (टीजीए), तिथे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ‘आर्टेरिअल स्विच’ केलं तर नावाजलेल्या केंद्रांत ९५ टक्क्यांहून अधिक बाळं वाचतात आणि पुढे शाळेत जातात, खेळतात. फुप्फुसांच्या शिरा चुकीच्या जागी उघडणं (टीएपीव्हीसी) आणि महारोहिणी एका जागी आवळलेली असणं (कोआर्क्टेशन) हेही याच गटातले. अशा बाळाला ‘घरी न्या, त्रास देऊ नका’ हा सल्ला चूक आहे. तो कुणी दिला तर दुसऱ्या बालहृदयरोगतज्ज्ञाचं मत त्याच दिवशी घ्या.

दुसऱ्या टोकाला असे दोष, की शस्त्रक्रिया शक्य असली तरी ती बाळावर लादण्यासारखीच ठरेल. उदाहरणार्थ एचएलएचएस, त्यात वरच्या कप्प्यांमधलं छिद्र बंद, आणि फुप्फुसं गर्भातच खराब झालेली. किंवा दीड किलोचं, अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि सोबत मेंदूत रक्तस्राव.

एचएलएचएस एरवी या दोहोंच्या मध्ये बसतो. फायदा खरा आहे, पण ओझंही तितकंच जड. अशा मधल्या पट्ट्यात निर्णय आई-वडिलांचा, असं जगभरातले बहुतेक बालहृदयतज्ज्ञ मानतात. मोठ्या केंद्रांतले काही डॉक्टर म्हणतात, निकाल आता इतके सुधारले आहेत की कमी जोखमीच्या बाळासाठी कम्फर्ट केअर सुचवूच नये. ज्या शहरात शस्त्रक्रियेचे तिन्ही टप्पे (प्रश्न ४) करणारं केंद्र आहे आणि खर्च सरकार उचलतं, तिथे त्या म्हणण्यात वजन आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबासमोर तेच वाक्य तितक्या ठामपणे म्हणता येणार नाही.

४. ऑपरेशन एकच असतं ना?

तीन असतात, आणि एकही ‘दुरुस्ती’ नाही. डावा कप्पा कधीच तयार होत नाही. उजव्याच कप्प्यावर आयुष्य काढायची सोय केली जाते.

पहिलं नॉरवूड, जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत. फुप्फुसाच्या धमनीचा वापर करून नवी महारोहिणी बांधतात आणि फुप्फुसांना रक्त जायला एक छोटी नळी बसवतात. दुसरं ग्लेन, साधारण ४ ते ६ महिन्यांचं असताना. तिसरं फोंटान, २ ते ४ वर्षांचं असताना. काही केंद्रांत पहिल्या टप्प्याऐवजी ‘हायब्रिड’ करतात: डक्टसमध्ये स्टेंट आणि फुप्फुसाच्या दोन्ही धमन्यांना बाहेरून पट्टी. अशक्त बाळासाठी तो मधला मार्ग असतो, पण पुढचे टप्पे चुकत नाहीत.

पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमधला काळ सर्वात घातक. बाळ घरी असतं, बरं दिसतं, आणि साध्या जुलाबाने किंवा सर्दीने हातचं जातं. म्हणून घरी रोज ऑक्सिजन आणि वजन मोजायला देतात. ऑक्सिजन ७५ टक्क्यांखाली, ३० ग्रॅमहून जास्त वजन घट, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढ नाही, यांपैकी एक जरी झालं तरी त्याच दिवशी केंद्राला फोन. यासाठी बाळांचा डिजिटल काटा लागतो. अंगणवाडीतल्या लटकत्या काट्यावर २० ग्रॅमचा फरक कळत नाही.

फोंटाननंतरही हृदयाची लय बिघडणं, यकृत निबर होणं, आतड्यातून प्रथिनं गळणं हे त्रास पुढे संभवतात आणि काहींना हृदय प्रत्यारोपण लागतं. दुसरीकडे, फोंटान झालेली मुलं कॉलेजात आहेत, नोकरी करतात, हेही तितकंच खरं.

५. वाचण्याची शक्यता किती? एक आकडा सांगा.

एकच आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. संदर्भासाठी: उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांतला, नॉरवूड झालेल्या ५४९ बाळांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यारोपणाशिवाय एक वर्ष पूर्ण करणारी बाळं, फुप्फुसांना रक्त देणारी नळी (प्रश्न ४) कुठली वापरली त्यानुसार, ७४ आणि ६४ टक्के होती. सहा वर्षांनी हेच आकडे ६४ आणि ५९ वर आले. जगातल्या उत्तम केंद्रांचे हे निकाल आहेत. भारतात नॉरवूड नियमित करणारी केंद्रं मोजकीच आहेत.

म्हणून सर्जनला हे विचारा, आणि उत्तर आकड्यांत मागा. मागच्या पाच वर्षांत इथे नॉरवूड किती झाली? किती बाळं घरी गेली? त्यांतली किती ग्लेनपर्यंत पोचली? फोंटान इथेच होतं का? मुलांसाठी वेगळा हृदय-आयसीयू आणि एक्मो मशीन (हृदय-फुप्फुसांचं काम काही काळ बाहेरून करणारं) आहे का? ‘आमचे रिझल्ट चांगले आहेत’ हे उत्तर नव्हे. ‘आम्ही आजवर चार केल्या, एक बाळ घरी गेलं’ असं सरळ सांगणारा सर्जन तुमच्यावर उपकारच करतो आहे.

६. कम्फर्ट केअर म्हणजे बाळाला उपाशी ठेवून वाट बघणं?

अजिबात नाही. तिथेही लेखी आराखडा असतो, औषधं असतात, जबाबदार डॉक्टर असतो. फरक एवढाच, की प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी: याने बाळाला आत्ता बरं वाटेल का?

मग टाचेला टोचून रक्त काढणं थांबतं, मॉनिटर काढतात, डक्टस उघडी ठेवणारं औषध (प्रश्न ८) बंद होतं. बाळ आईच्या उघड्या छातीवर राहतं. दूध ते मागेल तसं आणि तेवढंच. दमत असेल तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा चमच्याने ५-१० मिली. जबरदस्तीने पाजलं तर धाप वाढते. धाप आणि तगमग यांवर मॉर्फीन. ते गालाच्या आतल्या बाजूला थेंबाने देता येतं.

आणि ऑक्सिजन? कुटुंबं हमखास सिलिंडर मागतात. एचएलएचएसमध्ये जास्त ऑक्सिजनने फुप्फुसांकडे रक्त जास्त धावतं आणि शरीराचं आणखी घटतं. या बाळांचा आकडा ७५ ते ८५ असणं अपेक्षितच आहे. तो बघत बसण्यापेक्षा ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये ठेवा.

७. मग बाळ किती दिवस राहील?

बहुतेकदा काही दिवस ते दोन आठवडे. डक्टस एकदम बंद झाली तर काही तासांतही संपतं. उघडी राहिली तर महिना-दीड महिनाही जातो. ‘दोन दिवस’ सांगितलेलं बाळ दहा दिवस राहिलं की घरच्यांना वाटतं, निदानच चुकलं. तसं नसतं. पण मनात शंका असेल तर इको पुन्हा करून घ्यायला संकोचू नका; तो दुखत नाही.

८. ठरवायला किती वेळ मिळतो? डॉक्टर ‘तासाभरात सांगा’ म्हणतात.

प्रोस्टाग्लँडिन ई-१ (अल्प्रोस्टॅडिल) हे औषध सलाइनमधून अखंड दिलं की डक्टस उघडी राहते. काही दिवस सहज मिळतात, तेवढ्यात बाळाची जनुकीय तपासणी, मेंदूची सोनोग्राफी आणि दुसरं मत होतं. औषध सुरू करणं म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे.

घाई खरी असते ती दोनच वेळी: वरच्या कप्प्यांमधलं छिद्र बंद असेल तेव्हा, किंवा बाळ आधीच शॉकमध्ये (अवयवांना रक्त पुरत नाही अशा अवस्थेत) असेल तेव्हा.

दुसऱ्या गावी हलवताना दोन सुया लावलेल्या असाव्यात, कारण एक निघाली आणि औषध दहा मिनिटं थांबलं तरी बाळ कोसळू शकतं. सिरिंज पंपाची बॅटरी निघण्याआधी तपासून घ्या. या औषधाने दहा-बारा टक्के बाळांचा श्वास मध्येच थांबतो, तेव्हा सोबत श्वासनळीत नळी टाकता येणारा माणूस हवा; नुसती ॲम्ब्युलन्स पुरत नाही.

९. शस्त्रक्रिया नाकारली तर आम्हीच बाळाला मारलं असं होत नाही का?

मृत्यू दोषाने येतो. १९८० च्या दशकाआधी प्रत्येक एचएलएचएस बाळ जायचंच. नॉरवूडच्या यशाचा अहवाल १९८३ सालचा. उपचार उपलब्ध झाला म्हणून तो घेण्याची सक्ती तेव्हाच होते, जेव्हा त्याचा फायदा त्याच्या यातनांपेक्षा उघडपणे मोठा असतो. प्रश्न ३ मधल्या पहिल्या गटात तो उघड आहे. मधल्या पट्ट्यात नाही.

उलटही लक्षात घ्या: ‘सगळं करून बघितलं’ असं नातेवाइकांना सांगता यावं म्हणून केलेलं ऑपरेशन बाळासाठी नसतं.

१०. पैसे नाहीत म्हणून नाही म्हणणं पाप आहे का?

पैसे नाहीत हे ठरवण्याआधी तीन दारं ठोठावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष धरलेले आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या जन्मजात दोषांवर लवकर उपचारासाठीचं केंद्र) नोंद करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की याच शस्त्रक्रियेचं पॅकेज आहे का आणि आयसीयूतला मुक्काम लांबला तर काय. खारघरच्या सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात, पण तुमच्या बाळाचा दोष ते घेतात का हे इकोचा रिपोर्ट पाठवून आधी विचारा.

टीजीएसारख्या दोषात पैशामुळे बाळ गमावू नये, त्यासाठी हवी तेवढी धावपळ करा. एचएलएचएसमध्ये मात्र खर्च एका ऑपरेशनचा नसतो. तीन ऑपरेशनं, दर महिन्याची फेरी, एका पालकाची सुटलेली नोकरी, थोरल्या मुलाची शाळा, हे सगळं तोलणं स्वार्थीपणा नाही. जमीन विकून पहिला टप्पा केला आणि दुसऱ्याला काहीच उरलं नाही, तर बाळाच्या वाट्याला फक्त वेदना आल्या. आणि बाळ मुलगी असेल तर एक कडू प्रश्न स्वतःला विचारा: हा मुलगा असता तर हेच ठरवलं असतं का? मुलींच्या हृदयशस्त्रक्रिया मुलांपेक्षा कमी होतात, हे भारतातल्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

११. सासरे म्हणतात, ‘सूनबाईला काही सांगू नका, ओली बाळंतीण आहे.’ काय करावं?

सांगावं. आई एका रुग्णालयात, बाळ दुसऱ्या शहरात, आणि सही काका-मामांच्या बैठकीत ठरलेली, हे आपल्याकडे सर्रास घडतं. आईला आठवड्याने कळतं तेव्हा बाळ गेलेलं असतं आणि तिने ते धड पाहिलेलंही नसतं. आई आणि वडील दोघांशी एकत्र बोलायचा आग्रह डॉक्टरांकडे धरा. ती प्रवास करू शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर. आजी-आजोबांना दुसऱ्या बैठकीत बसवा. आई-वडिलांचंच एकमत होत नसेल तर औषध चालू ठेवून एक-दोन दिवस घ्या (प्रश्न ८).

१२. बाळाला डाऊन सिंड्रोमही आहे. मग ऑपरेशनचा काय उपयोग?

उपयोग आहे. डाऊन सिंड्रोममध्ये सहसा एचएलएचएस नसतो, एव्हीएसडी म्हणजे मधलं मोठं छिद्र असतं. ते साधारण ३ ते ६ महिन्यांत बंद करतात आणि निकाल चांगले येतात. उशीर केला तर फुप्फुसांचा दाब कायमचा वाढतो आणि मग ऑपरेशन होत नाही. मतिमंदत्व हे हृदयाचा उपचार नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

एडवर्ड्स आणि पाटाऊ ट्रायसोमीची (अनुक्रमे १८ वं आणि १३ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं) गोष्ट निराळी. तिथे बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात. निवडक बाळांवर साधी हृदयशस्त्रक्रिया करावी का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्या बाळांवर नॉरवूड करावं असं मात्र क्वचितच कुणी म्हणेल.

१३. सोनोग्राफीत २६ व्या आठवड्यात कळलं. आता गर्भपात होतो का?

गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने होतो. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने गर्भाच्या हृदयदोषाच्या अशाच एका प्रकरणात परवानगी नाकारली होती, कारण तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती. अर्जासोबत फीटल इकोचा (गर्भाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीचा) रिपोर्ट हवा. नुसत्या ॲनॉमली स्कॅनवर (व्यंग शोधायच्या नेहमीच्या सोनोग्राफीवर) मंडळ अडून बसतं.

गर्भ ठेवायचा असेल तर प्रसूती कुठे आणि जन्मल्यावर प्रोस्टाग्लँडिन द्यायचं की नाही, हे आधीच लिहून फाइलला लावा. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला तुमचा निर्णय माहीत नसतो.

१४. व्हेंटिलेटर काढणं गुन्हा आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जीवनरक्षक उपचार थांबवण्याची रीत घालून दिली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली: उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, नातेवाइकांची संमती, मग दुसरं मंडळ आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. ही रीत मोठ्या रुग्णांना समोर ठेवून लिहिलेली आहे. नवजात बाळासाठीही सावध रुग्णालयं तीच पाळतात. मुद्दाम इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं मात्र भारतात गुन्हाच आहे. धाप शमवायला योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फीन त्यात येत नाही.

जोखमीच्या ऑपरेशनला संमती न देणं ही वेगळी गोष्ट. त्याला मंडळ लागत नाही.

१५. नॉरवूड झालं, पण बाळ महिनाभर व्हेंटिलेटरवर आहे. आता मागे फिरता येतं का?

येतं. सुरू केलेला उपचार थांबवणं आणि मुळात न करणं यांत नैतिक फरक नाही, फक्त मनाला ते जास्त जड जातं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांसोबत खुणा ठरवा: मेंदूला मोठी इजा, मूत्रपिंडं बंद, एक्मोवरून दोनदा उतरवायचा प्रयत्न फसला, अशांपैकी काय झालं तर पुन्हा बसून बोलायचं. बंद करण्याची रीत प्रश्न १४ मध्ये.

१६. रुग्णालय म्हणतं, ‘नेत असाल तर लामावर सही करा.’

लामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेणं. ती सही केली की बहुतेक ठिकाणी औषध, फोन नंबर, आराखडा काहीच मिळत नाही, आणि बाळ गाडीतच तडफडत जातं. हे कम्फर्ट केअर नाही. मधल्या पट्ट्यातल्या दोषासाठी नियमित डिस्चार्ज मागा, आणि त्यावर ‘पॅलिएटिव्ह केअरसाठी (म्हणजेच कम्फर्ट केअरसाठी) घरी’ असं लिहून घ्या.

घरी नेताना मॉर्फीन सोबतच घ्या; ते मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं, गावच्या मेडिकलमध्ये नाही. गोळी बाळाला मोजून देता येत नाही, म्हणून पातळ करून, १ मिलीच्या सिरिंजवर पेनने खूण करून घ्या आणि निघण्याआधी एक डोस नर्ससमोर स्वतः द्या. रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर. घरी शेक-शेगडी आणि धुरी नको: धुराने धाप वाढते, आणि रक्त कमी पोचलेली त्वचा लगेच भाजते.

१७. बाळाचा मृत्यू घरीच झाला तर कागदपत्रं?

आधी ओळखीच्या डॉक्टरला बोलावा. घरच्या मृत्यूचं कारण ते नमुना ४-अ वर लिहून देतात. डिस्चार्ज कार्ड दाखवलं की अडचण येत नाही, आणि तेच नसलं (पाहा प्रश्न १६) तर पोलिसांपर्यंत जातं. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद २१ दिवसांत करा. बाळ एक दिवसाचं असलं तरी दोन्ही दाखले लागतात, विशेषतः आईच्या रजेसाठी. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अशा वेळी ६० दिवसांची विशेष रजा २०२२ पासून आहे.

१८. बाळ गेलं आणि दूध येतंच आहे.

दोन-तीन दिवस घट्ट बसणारी ब्रा, थंड पट्ट्या, आणि फार ताठलं तर आराम पडेल इतकंच काढणं. पूर्ण रिकामं केलं की पुन्हा भरतं. दूध थांबवायची गोळी मिळते. रक्तदाब असेल तर डॉक्टरला आधी सांगा. काही आयांना दूध द्यावंसं वाटतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून दुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. इतर शहरांतही आता आहेत. देणं ही सक्ती नाही, आणि कुणी ‘पुण्य लागेल’ म्हणून गळ घातली तर नाही म्हणा.

१९. पुढच्या बाळालाही होईल का?

शक्यता साधारण २ ते ८ टक्के, म्हणजे बहुतेक वेळा होत नाही. या बाळाची जनुकीय तपासणी (मायक्रोॲरे) राहिली असेल तर साठवलेल्या रक्तावर होते का ते विचारा. दाखल असतानाच २ मिली रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या नळीत) ठेवून घेतलेलं उत्तम. आई, वडील आणि भावंडं यांचाही एकदा इको करा, कारण अशा कुटुंबांत महारोहिणीची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असणं जास्त आढळतं आणि त्याचा त्रास चाळिशीनंतर सुरू होतो. पुढच्या वेळी १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको, तोही बालहृदयतज्ज्ञाकडून.